निळं-पांढरं अस्तर

नमुन्याचा कपडा उसवल्याशिवाय नवा कपडा बेतायचा नाही, हे मी डोंगरीला उस्तादांच्या हाताखाली शिकलो. फीत लावून माप घेता येतं, पण फीत फसवते. उसवलेला तुकडा फसवत नाही. शिवणी ब्लेडने मोकळ्या करायच्या, तुकड्यांवर इस्त्री फिरवायची, ते नव्या कापडावर पसरून खडूने आखायचं आणि कापायचं. काम झालं की जुना कपडा परत शिवून द्यायचा, तोही होता त्यापेक्षा मजबूत. डोंगरीत या पद्धतीबद्दल कोणी कधी हूं की चूं केलं नाही. कुवेतमध्ये, अहमदीत, मी तिच्यापायी दोन माणसांची दोस्ती मोडली, आणि वर तोंड मिटून बसलो.

तुम्ही म्हणाल, यात शिंप्याचा काय दोष? मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. उसवण्यात दोष नव्हता. दोष त्याच्यानंतरचा आहे आणि तो सगळा माझा आहे.

मी गफूर. गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठावर. त्रेपन्न साली आगबोटीने कुवेतला उतरलो आणि दोन वर्षांत अहमदीला, तेल कंपनीच्या वसाहतीतल्या बाजारात, एक मशीन मावेल एवढं दुकान मिळवलं. गिऱ्हाइकं बहुतेक गोरी. साहेबांच्या खाकी पँटी, मेमसाहेबांचे पडदे, सोफ्यांच्या खोळी. गोरा माणूस कपड्याच्या बाबतीत सोपा असतो. त्याला कपडा फक्त सांगितलेल्या दिवशी हवा असतो, आणि नेमकं तेवढंच आम्हा शिंप्यांना जमत नाही.

त्यातले दोघे माझे कायमचे. क्लेग साहेब पाइपलाइनवर होता. मोठ्या हातापायांचा, उन्हाने मान लाल झालेला, आवाज असा की पलीकडच्या दुकानातला इराणी दचकायचा. लढाईच्या वेळी तो देवळालीच्या छावणीत होता, म्हणून मोडकं का होईना, हिंदुस्तानी बोलायचा. दुसरा ॲस्पिन, स्टोअरचा साहेब. सडपातळ, चष्मेवाला, हळू बोलणारा. त्याच्या हाताखाली आमच्याच गावचा महबूब कारकून होता, त्यामुळे दोन्ही साहेबांची बित्तंबातमी मला घरबसल्या मिळायची.

दोघांची गावं शेजारशेजारची. क्लेगचं बर्नली, ॲस्पिनचं ब्लॅकबर्न. मध्ये अकरा-बारा मैल. दोन्हीकडे कापडाच्या गिरण्या, दोन्हीकडे धूर, दोन्हीकडे पाऊस, आणि दोन्हीकडे एकेक फुटबॉल क्लब. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण महबूबने एकदा समजावलं तेव्हा चटकन ध्यानात आलं, कारण आमच्या खाडीच्या अल्याड-पल्याडही हेच. मुली एकमेकांना द्यायच्या, मयतीला पहिल्यांदा धावायचं, आणि उरलेला वेळ एकमेकांच्या सात पिढ्या काढायच्या.

हे दोघे तर क्लबाच्या सात पिढ्या काढायचे. ॲस्पिन म्हणायचा, मागच्या शतकातच आम्ही पाच कप जिंकलो, तेव्हा तुमचे लोक चेंडू कुठल्या बाजूने मारायचा ते विचारत होते. क्लेग म्हणायचा, आमचा एकच कप, पण तो बघायला खुद्द बादशहा आला होता, चौदा साली. शिवाय एकवीस साली आम्ही लागोपाठ तीस सामने हरलो नाही, आणि तुम्ही आत्ताआत्तापर्यंत दहा वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये खितपत पडला होतात. ॲस्पिनचे लोक अठ्ठावन्न साली वरच्या डिव्हिजनमध्ये परत आले, तेव्हापासून या दोघांना खरा रंग चढला होता.

क्लेगची एक गोष्ट सगळ्या बाजाराला पाठ होती. फार जुनी, त्यांच्या दोघांच्या जन्माआधीची. बर्नलीच्या मैदानावर सामना, वरून बर्फ पडतंय, ब्लॅकबर्न तीन गोलांनी मागे. मारामारी झाली, आणि ब्लॅकबर्नचे गडी थंडीने काकडून एकेक करून मैदान सोडून गेले. उरला एकटा गोलकीपर. सगळी बर्नली त्याच्या अंगावर चालून आली आणि तो बिचारा ओरडला, ऑफसाइड, म्हणजे हा गोल धरायचा नाही. हे सांगताना क्लेग स्वतः गोलकीपर व्हायचा, हात वर करायचा आणि हसूनहसून माझ्या टेबलाला टेकायचा. ॲस्पिन चष्मा पुसत एवढंच म्हणायचा, पण तो उभा राहिला की नाही? दर वेळी तीच गोष्ट, दर वेळी तेच उत्तर. दर शनिवारी संध्याकाळी आठला दोघे क्लेगच्या बंगल्यावर लंडनचा रेडिओ लावून निकाल ऐकायचे. असं विळ्याभोपळ्याचं सख्य मी दुसरीकडे पाहिलं नाही.

साठ सालच्या फेब्रुवारीत त्यांनी टूम काढली की वसाहतीतले बावीस गोरे जमवायचे आणि इथेच, तेल शिंपडून दाबलेल्या वाळूच्या मैदानावर, बर्नली विरुद्ध ब्लॅकबर्न सामना खेळायचा. पंचवीस मार्चचा शुक्रवार ठरला. शर्ट माझ्याकडे. ॲस्पिनने रंगीत पेन्सिलींनी चित्रच काढून आणलं: छातीचा अर्धा भाग निळा, अर्धा पांढरा. क्लेगने मात्र तपकिरी कागदात गुंडाळलेला एक जुना शर्ट आणला. अंग जांभळट लाल, बाह्या फिक्या निळ्या, कापड जाड पण झिजलेलं. असेच अकरा कर, म्हणाला. जाताना दारातून वळून म्हणाला, संभालके. मी मान डोलावली. माझ्याकडे येणारा प्रत्येक कपडा मी सांभाळतोच, त्यात निराळं सांगायचं काय?

त्या वर्षी मार्चात रमजान होता. ईदचे कपडे डोक्यावर, त्यात हे बावीस शर्ट. मी क्लेगचा शर्ट उसवायला घेतला. शिवण हाताची होती, आणि शिंप्याच्या हाताची नव्हे. कुणीतरी मोठा शर्ट दोन्ही कडांनी आत घेऊन लहान केला होता, टाके वाकडेतिकडे. उजव्या कोपरावर भलत्याच रंगाच्या दोऱ्याने रफू, तेही गाठ पडलेलं. मला हसू आलं. उसवता उसवता ते रफू सुटून हातात आलं. मी चिमटीने सगळे दोरे वेचून काढले आणि केरात टाकले.

मग मी माझा हात दाखवला. नमुना बेतून झाल्यावर जुना शर्ट मशीनवर बारीक टीप मारून असा जोडला की कोणी म्हणू नये हा पन्नास वर्षांचा आहे. कापड छातीला विरत चाललं होतं, म्हणून आतून अस्तर द्यावं असं मनात आलं. ॲस्पिनच्या शर्टांची कातरण पडली होती, उत्तम पॉपलिन. शिंपी कातरण फेकत नाही. निळा तुकडा डावीकडे, पांढरा उजवीकडे, मधोमध सरळ शिवण. बाहेरून काही दिसत नव्हतं, आतून नवाकोरा. याचे पैसे मी लावणार नव्हतो. साहेब आत हात घालेल, मऊ लागेल, खूश होईल, एवढाच माझा हिशेब होता.

निळा-पांढरा म्हणजे ॲस्पिनचा क्लब, हे मला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. अकरा शर्ट मीच तर शिवले होते. पण माझ्या लेखी ते कापड होतं, आणि कापडाला क्लब नसतो.

त्याच आठवड्यात तिकडे विलायतेत या दोन क्लबांची कपात गाठ पडली. बारा मार्चला, शनिवारी. महबूब दुसऱ्या दिवशी सांगत आला. बर्नली तीन गोलांनी पुढे होती, क्लेगचे लोक घरी जायला उठले असतील, आणि शेवटच्या पाऊण घटकेत ब्लॅकबर्नने तिन्ही फेडले. बुधवारी पुन्हा सामना झाला आणि तो ब्लॅकबर्नने जिंकला. क्लेग तेव्हा रानात पाइपलाइनच्या तळावर होता. गुरुवारी ॲस्पिन त्याचे आणि आपले, दोघांचे शर्ट न्यायला आला, तो लहान पोरासारखा खुशीत होता. त्याने माझ्याकडून निळ्या-पांढऱ्या कापडाची एक लांब पट्टी मागून घेतली आणि क्लेगच्या गठ्ठ्याला तिची फुलासारखी गाठ मारली. मीही हसलो.

शनिवारी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर क्लेग दुकानात आला. जीभ टाळूला चिकटलेली, डोळ्यांपुढे इफ्तारचं पाणी, अशी ती वेळ. त्याने जुना शर्ट उलटा करून माझ्या टेबलावर पसरला. निळा-पांढरा भाग वर. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या माणसाचा आवाज इतका खाली जाऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

"ये तुमने खोला?"

मी हातातली कात्री खाली ठेवली. तेव्हा त्याने सांगितलं. शर्ट त्याच्या बापाचा. बाप बर्नलीच्या राखीव टीममध्ये खेळायचा, कप जिंकला त्या वर्षी. मग लढाई लागली आणि बाप फ्रान्समध्ये मेला. तेव्हा क्लेग एक वर्षाचा होता. तो शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या आईने तो शर्ट त्याच्या मापाला आत घेतला, कोपर फाटलं तेव्हा रफू केलं. तिला शिवण येत नव्हतं. ती गिरणीत मागावर होती, कापड विणायची, शिवायची नाही. आई गेली त्यालाही वीस वर्षं झाली. एवढं बोलून त्याने कोपरावर बोट ठेवलं, माझ्या बारीक, सरळ, सुंदर टिपेवर.

ते दोरे मी केरात टाकले होते आणि केर परवाच गेला होता.

मी काय सांगायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. साहेब, ही आमची पद्धत. अस्तर मी माझ्या मनाने लावलं, मला चांगलं वाटलं म्हणून. एवढंच. पण दुकानाचे परवाने दर डिसेंबरला नवे व्हायचे, आणि ज्या कमिटीपुढे ते जायचे तिच्यात क्लेग बसायचा. त्याच परवान्यावर माझ्या बायकोचे, फखरुन्निसाचे कागद झाले होते. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यातले जेमतेम पाच महिने आम्ही एका छपराखाली काढले होते. ती ईदनंतरच्या बोटीने यायची होती. तिने गावी बकऱ्यासुद्धा विकून टाकल्या होत्या.

मी बोलत नाही असं बघून क्लेगनेच मला वाट काढून दिली.

"ॲस्पिन साब बोला था, ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

तोंडाने खोटं बोललो नाही, मान हलवली. रोजा आहे, तोंडातून खोटं निघायला नको, असं त्या क्षणी मी मनाला समजावलं. इतका मी दीनदार.

इफ्तारला महबूब आला तो खजूर हातातच धरून बसला. क्लेग इथून उठून थेट ॲस्पिनच्या खोलीवर गेला होता आणि त्याने विचारलं होतं, हे तू केलंस? ॲस्पिनला वाटलं, पट्टीच्या गाठीबद्दल विचारतोय. तो हसत म्हणाला, हो, मीच. मग क्लेगने शर्ट उलटा केला. ॲस्पिनचं हसू तिथेच थांबलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर तो नाही नाही म्हणत राहिला आणि ते कोणी ऐकलं नाही.

"तू ह्यो काय केलंस, गफूरभाय?" महबूब म्हणाला. "तो बिचारा सुईत दोरा पण ओवणार नाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. शुक्रवारचा सामना रद्द झाला. बावीस शर्ट दोन बंगल्यांत पडून राहिले.

दोन दिवसांनी ॲस्पिन स्वतः आला, महबूबला घेऊन. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मी त्याच्यापुढे सगळं ओकलो: उसवणं, रफू, कातरण, मान हलवणं, परवाना, फखरुन्निसा, बोट. महबूब एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगत होता आणि ते परक्या भाषेत ऐकताना मला जास्त लाज वाटत होती. ॲस्पिनने चष्मा काढून पुसला. रागावला नाही. बोट कधी येणार, एवढंच विचारलं. ईदनंतर दहा दिवसांनी, मी म्हणालो. तर मग बोट येऊ दे, तो म्हणाला, बायको उतरली की त्याला खरं सांग. मी रोज्याची कसम घेतली. तो उठला, दारात त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो.

बोट आली. फखरुन्निसा आली. मी जवळच्या फहाहील गावात खोली घेतली होती, तिथे ती पहिल्या दिवशी उंबऱ्यातली वाळू झाडत बसली आणि मला आभाळ ठेंगणं झालं. म्हटलं, चार दिवस जाऊ देत, क्लेगचा राग निवू दे. मग म्हटलं, महिना जाऊ दे.

मेच्या दोन तारखेला बर्नली लीग जिंकली. महबूब सांगायचा, सबंध हंगामात ते कधी पहिल्या नंबरावर नव्हते. शेवटचा सामना जिंकले आणि थेट वर. एकवीस सालानंतर पहिल्यांदा. ज्याच्यासमोर मिरवायचं त्याच्याशीच क्लेग बोलत नव्हता. ॲस्पिनने त्याच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली, मुबारकबादीची असणार. क्लेगने ती न उघडता टोपलीत टाकली. पाचच दिवसांनी ब्लॅकबर्न कपाची फायनल तीन गोलांनी हरले. एरवी क्लेग दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या दारात उभा राहून तासभर तोच बर्फातला गोलकीपर झाला असता. तो दारावरून सरळ निघून गेला. ॲस्पिन खुर्ची दाराकडे वळवून सगळी सकाळ बसला होता, असं महबूब म्हणाला. शिव्या खायला माणूस वाट बघत बसलाय, असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा तरी मी जायला हवं होतं. गेलो नाही. डिसेंबरात परवाना नवा होऊ दे, मग जातो, असं ठरवलं. त्या डिसेंबरात परवाना सहज नवा झाला, एक शब्दही कोणी विचारला नाही. आणि त्याच महिन्यात ॲस्पिन नोकरी सोडून कायमचा विलायतेला गेला. जाण्याआधी दुकानावरून गेला, आत बघून मान हलवली. मला वाटलं, विसरला असेल. खाई त्याला खवखवे. मी बघितलं न बघितलंसं केलं आणि मशीन चालवत राहिलो, मशीनमध्ये कापड नसताना.

त्रेसष्ट साली दुकान कुवेत शहराजवळ खैतानला हलवलं. गोरी गिऱ्हाइकं सुटली, आपली माणसं आली. एका रमजानात फखरुन्निसाने विचारलं, तुम्ही दर मार्चात एक रोजा जादा का ठेवता? तेव्हा मी तिला सांगितलं.

"अल्लाचा हक अल्ला माफ करील," ती म्हणाली. "माणसाचा हक माणसानीच माफ कराचा असतो. तुमी कितीव रोजे ठेवा. त्याला पत्र का नाय लिवत?"

महबूबकडे ॲस्पिनचा पत्ता होता. त्याने तो एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिला, वर म्हणाला, तू बोल, मी लिहितो. मी चिठ्ठी मशीनच्या खणात टाकली. बॉबिनी, बटणं, मोडक्या सुया, त्यांच्यात. रोज खण उघडायचा, रोज चिठ्ठी दिसायची. आज काम आहे, उद्या जुम्मा आहे, महबूब गावी गेलाय. अशी तीन वर्षं.

सहासष्टच्या मेमध्ये एक मोठी गाडी दुकानापुढे उभी राहिली आणि तिच्यातून क्लेग उतरला. मान तशीच लाल, केस मात्र सगळे पांढरे. निवृत्त होऊन घरी चालला होता. मला शोधत अहमदीहून खैतानला आला होता, चार ठिकाणी विचारत. फखरुन्निसाने आतून सरबत पाठवलं. तो इकडचं तिकडचं बोलला. ब्लॅकबर्न या वर्षी अगदी तळाला गेले, पुन्हा खालच्या डिव्हिजनमध्ये पडले, हेही त्याने सांगितलं, पण हसला नाही. मग बगलेतला तपकिरी कागद सोडला.

तोच शर्ट. सहा वर्षं पेटीत होता. आता घरी नेताना आत हे निळं-पांढरं नको, काढून टाक, म्हणाला. दुसऱ्या शिंप्याकडे नेला असता, पण ज्याने टाके घातले त्याला ते कापडाला न दुखवता काढता येतील.

मी ब्लेड घेतलं. शर्ट उलटा केला. माझीच टीप, अजून एक धागाही ढिला नाही. ब्लेडचं टोक शिवणीखाली घातलं आणि हात पुढे जाईना. बाहेर रस्त्यावर एक गाडीवान बर्फ विकत ओरडत होता. तो पुढे गेल्यावर मी सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत, त्याच्याकडे न बघता, टिपेकडे बघत. ॲस्पिन साहेबाने काही सांगितलं नव्हतं. सगळं मी माझ्या मनाने केलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटी मान हलवली.

क्लेगला काही केल्या ते पटेना. तो म्हणाला, असं कसं, ॲस्पिनने स्वतः कबूल केलं होतं. पट्टीच्या वेळचं नव्हे. नंतर, साठच्याच डिसेंबरात. क्लेगने कमिटीत माझा परवाना अडवला होता. पैशासाठी असलं काम करणारा शिंपी बाजारात नको, म्हणून. त्या संध्याकाळी ॲस्पिन त्याच्या बंगल्यावर आला. नऊ महिन्यांनी पहिल्यांदा क्लेगने त्याला दार उघडलं. ॲस्पिन म्हणाला, मीच करायला लावलं, शिंप्याने सांगितलं तेवढं केलं, त्याची बायको नुकतीच आली आहे, त्याला सोड. क्लेगने परवाना सोडला आणि ॲस्पिनच्या तोंडावर दार लावलं. आठवड्याने ॲस्पिन गेला.

मला वाटलं होतं, तो विसरला.

मी उठून खणातली चिठ्ठी काढली. पत्ता क्लेगपुढे धरला आणि म्हणालो, साहेब, आता मी लिहितो, आजच लिहितो, तुम्हीच इंग्रजीत लिहा, मी सही करतो. क्लेगने चिठ्ठी वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली. ॲस्पिन जानेवारीत वारला होता. हृदय बंद पडून, आपल्या गावात. त्याच्या बहिणीने क्लेगला कळवलं होतं, आणि क्लेगने त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं.

सहा वर्षं मी माफी उद्यावर ढकलत होतो, आणि ती देणारा माणूस चार महिन्यांपूर्वी मातीत गेला होता. फखरुन्निसाचं बोलणं मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मी सरळ रडलो, गिऱ्हाइकासमोर, भर दुपारी. क्लेग गुडघ्यांवर ते मोठे हात ठेवून बसला होता.

"सब भाग गया," शेवटी तो म्हणाला. "वो अकेला खड़ा रहा."

मी त्याला विचारलं, तुमच्या गावापासून त्याचं गाव अकरा मैल. कबरीवर जाल तेव्हा माझ्या वतीने माफी मागाल का? मेलेला माणूस माफ करू शकतो की नाही, मला ठाऊक नव्हतं. आजही नाही.

"तुम्हारे पहले मेरा नंबर है, गफूर."

मग तो उठला. मी डोळे पुसून ब्लेड पुन्हा हातात घेतलं, निदान आलेलं काम तरी करावं म्हणून. अर्ध्या इंचाची शिवण मी उसवली होती. क्लेगने माझ्या हाताखालून शर्ट ओढून घेतला. तो तुटलेला अर्धा इंच त्याने बघितला, शर्ट परत माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, हे होतं तसं शिवून दे.

मी मशीनकडे वळलो तर त्याने माझा हात धरला. मशीनने नको, म्हणाला. हाताने.

अर्धा इंच, सात टाके. माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाकडे टाके असतील ते. निळं-पांढरं अस्तर आत ठेवून त्याने शर्टाची घडी केली, कागदात गुंडाळली आणि गाडीत बसून तो गेला. पत्ता अजून माझ्या खणात आहे.